बारा इंचांच्या ट्रेसमधला लॉस सिम्युलेशनमध्ये कसा आणायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १०.३१२५ गिगाबिट प्रतिसेकंदाची लिंक, साधं एफआर-४ (काचेचं कापड आणि रेझिन यांचा नेहमीचा बोर्ड), आतल्या लेयरवर बारा इंचांची स्ट्रिपलाईन, म्हणजे दोन ग्राउंड थरांच्या मधला तांब्याचा ट्रेस. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरच्या लॉसलेस लाईनवर सिम्युलेशन केलं तर आय (सगळे बिट्स एकमेकांवर ठेवून दिसणारं डोळ्यासारखं चित्र) छान उघडा दिसतो. बोर्ड आल्यावर रिसीव्हरच्या टोकाशी प्रोब लावला तर आय जवळजवळ मिटलेला. लॉस यावा म्हणून सिरीजमध्ये रेझिस्टर टाकून पाहिला, तरी बोर्डवरचं चित्र काही उमटत नाही. मॉडेलमध्ये नेमकं काय घालायचं?

रेझिस्टरपासूनच सुरू करतो, कारण तो का चालत नाही हे कळलं की पुढचं निम्मं काम झालं. तुमच्याच लाईनचा हिशेब मांडू. ट्रेस ५ मिल (इंचाचे पाच हजारांश) रुंद, अर्धा औंस तांबं म्हणजे १७.५ मायक्रॉन जाडी, जोडीतली एक बाजू धरली तर इम्पिडन्स ५० ओहम, ट्रेसभोवतीच्या इन्सुलेटरचा, म्हणजे डायलेक्ट्रिकचा, डीके (डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ४.२ आणि डीएफ (तो किती लॉस देतो त्याचं माप) ०.०२. या ट्रेसचा डीसी रेझिस्टन्स इंचाला ०.२ ओहम, बारा इंचांचा २.४ ओहम. ५० ओहमच्या सर्किटमध्ये त्याने जेमतेम ०.२ डीबी जातात. तुमच्या बिटरेटची नायक्विस्ट फ्रिक्वेन्सी, म्हणजे बिटरेटच्या निम्मी, ५.१६ गिगाहर्ट्झ, तिच्या आसपास हीच लाईन किमान साडेनऊ डीबी खाते. तेवढा लॉस रेझिस्टरने आणायचा तर सिरीजमध्ये २०० ओहम टाकावे लागतील. टाकले की सगळाच सिग्नल एक तृतीयांश होतो. लागोपाठ आलेले आठ १ तेवढेच खाली येतात आणि शून्यांच्या मध्ये एकटा सापडलेला १ही तेवढाच खाली येतो. आय बुटका होतो, पण त्याच्या कडा तशाच धारदार राहतात. स्कोपचा व्होल्ट प्रति डिव्हिजन बदलला की पुन्हा आधीचंच चित्र.

बोर्डवर मात्र लागोपाठच्या १ना वर चढायला वेळ मिळतो आणि ते जवळपास पूर्ण उंची गाठतात. एकटा १ अर्ध्या वाटेवर असतानाच खाली ओढला जातो, आणि त्याची लांब शेपटी पुढच्या दोन-तीन बिट्सवर पडते. आय मिटतो तो या शेपट्यांमुळे. लॉस किती यापेक्षा कमी फ्रिक्वेन्सी आणि जास्त फ्रिक्वेन्सी यांच्या लॉसमध्ये अंतर किती, हे इथे महत्त्वाचं. म्हणून मॉडेलमध्ये घालायचा आहे तो फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा लॉस.

हे दुखणं फार जुनं आहे. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली. तसल्या लांब केबल्सवर टिंब आणि रेघ एकमेकांत मिसळून जायचे, म्हणून संदेश सावकाश पाठवावा लागायचा. विल्यम थॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्विन) १८५० च्या दशकात केबलचं जे गणित मांडलं त्यात फक्त रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स होता. ऑलिव्हर हेविसाईड स्वतः तारयंत्रावर काम केलेला माणूस. त्याने १८८० च्या दशकात त्यात इंडक्टन्स आणि गळतीचा कंडक्टन्स घातला आणि दाखवून दिलं, की आर भागिले एल आणि जी भागिले सी (आर रेझिस्टन्स, एल इंडक्टन्स, जी कंडक्टन्स, सी कपॅसिटन्स) हे दोन्ही समान असतील तर सिग्नल लहान होईल, पण त्याचा आकार बिघडणार नाही. तुमचा २०० ओहमचा प्रयोग काहीसा तसाच झाला: सिग्नल लहान झाला, आकार टिकला. आपल्या ट्रेसमध्ये ती अट पाळली जात नाही, शिवाय आर आणि जी दोन्ही फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जातात. आजचा प्रत्येक लॉसी लाईनचा सिम्युलेटर हेविसाईडचीच समीकरणं सोडवतो.

आता आर आणि जी कसे वाढतात ते पाहू. फ्रिक्वेन्सी वाढली की करंट तांब्याच्या पृष्ठभागालगत गोळा होतो. १ गिगाहर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ सुमारे २.१ मायक्रॉन, ५ गिगाहर्ट्झला ०.९३. जाडी १७.५ मायक्रॉन असली तरी कामाला येतो तो एवढासा थर. त्यामुळे तांब्याचा लॉस फ्रिक्वेन्सीच्या वर्गमूळाच्या पटीत वाढतो. डीएफ साधारण स्थिर धरला तर डायलेक्ट्रिकचा लॉस मात्र थेट फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढतो. कागदावर हिशेब करायला मी दोन सूत्रं पाठच करून ठेवली आहेत. तांब्याचा लॉस, डीबी प्रति इंच: ३६ भागिले ट्रेसची मिलमधली रुंदी, भागिले इम्पिडन्स, गुणिले गिगाहर्ट्झचं वर्गमूळ. डायलेक्ट्रिकचा लॉस, डीबी प्रति इंच: २.३ गुणिले गिगाहर्ट्झ गुणिले डीएफ गुणिले डीकेचं वर्गमूळ. तुमच्या ट्रेसला १ गिगाहर्ट्झवर तांब्याचे ०.१४४ आणि डायलेक्ट्रिकचे ०.०९४ येतात, ५ गिगाहर्ट्झवर ०.३२ आणि ०.४७. साधारण २.३ गिगाहर्ट्झला दोघांची बरोबरी होते. त्याखाली तांबं जास्त खातं, त्यावर एफआर-४.

हेच आकडे सिम्युलेटरला द्यायचे. एलटीस्पाइसमधली टी लाईन लॉसलेस आहे. ओ लाईन लॉसी म्हणवते, पण तिच्यात एकाच ठरावीक मूल्याचा सिरीज रेझिस्टन्स असतो. स्किन इफेक्ट नाही की डायलेक्ट्रिकचा लॉस नाही. काही जण लाईनचे आर, एल, जी, सीचे लहान तुकडे करून शिडी बांधतात. ३५ पिकोसेकंदांच्या राइज टाइमसाठी (सिग्नलला वर चढायला लागणारा वेळ) प्रत्येक तुकड्याचा डिले त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवा, म्हणजे साडेतीन पिकोसेकंद. तुमच्या लाईनचा एकूण डिले २.०८ नॅनोसेकंद. सहाशे तुकडे झाले, आणि तरीही आर स्थिरच. या वाटेला जाऊ नका.

एचस्पाइस सिम्युलेटरमधला डब्ल्यू एलिमेंट (फ्रिक्वेन्सीनुसार लॉस बदलणारी लाईन), किंवा तसंच काम करणारं मॉडेल हाताशी असेल तर काम सोपं. तुमच्या लाईनसाठी एल ३४२ नॅनोहेन्री प्रति मीटर, सी १३७ पिकोफॅरड प्रति मीटर, डीसी रेझिस्टन्स ७.७ ओहम प्रति मीटर. स्किन इफेक्टचा गुणक २.०६ मिलिओहम प्रति मीटर प्रति वर्गमूळ हर्ट्झ. डायलेक्ट्रिकचा गुणक म्हणजे २π गुणिले सी गुणिले डीएफ, तो १७.२ पिकोसीमेन्स प्रति मीटर प्रति हर्ट्झ. आकडे घातले की आधी एसी अ‍ॅनालिसिस चालवा आणि ५ गिगाहर्ट्झला बारा इंचांचा लॉस साडेनऊ डीबी येतो का ते पाहा. नसेल येत तर मीटर आणि इंचाचा कुठेतरी घोळ झालाय. ही पडताळणी न करता आय काढायला बसू नका.

तसा सिम्युलेटर नसेल तर मी पायथॉन वापरायला सांगेन. नम्पाय या गणिताच्या लायब्ररीवर शे-दीडशे ओळींत हे काम नीट होतं, आणि प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर राहते. शून्यापासून ५० गिगाहर्ट्झपर्यंत १० मेगाहर्ट्झच्या पावलांनी फ्रिक्वेन्सी घ्या. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला आर, एल, जी, सीवरून प्रोपगेशन कॉन्स्टंट आणि इम्पिडन्स काढा, त्यावरून एबीसीडी मॅट्रिक्स (दोन टोकांच्या व्होल्टेज-करंटचं नातं), आणि दोन्ही टोकांचे टर्मिनेशन धरून ट्रान्सफर फंक्शन. मग इन्व्हर्स एफएफटी करून इम्पल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक ठोक्याला लाईन देते तो प्रतिसाद) काढायचा आणि बिट्सच्या लाटेशी कॉन्व्हॉल्व्ह करायचा. १० मेगाहर्ट्झचं पाऊल म्हणजे १०० नॅनोसेकंदांची खिडकी. २ नॅनोसेकंदांच्या लाईनला आणि तिच्या शेपटीला ती पुरून उरते. ५० गिगाहर्ट्झला या लाईनचा लॉस सत्तर डीबीच्या घरात असतो, म्हणून तिथे कापल्याने काही बिघडत नाही. एक इंचाची लाईन असेल तर मात्र तिथे लॉस सहा डीबीही नसतो, आणि असं अर्ध्यात कापल्याने निघालेल्या लहरी रिस्पॉन्सवर दिसतात; लोक त्या रिफ्लेक्शन समजून शोधत बसतात. तिथे सोर्सचा खरा राइज टाइम फिल्टर म्हणून आधीच लावा.

आता ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त जण अडकतात तिकडे येतो. तांब्याचा लॉस शून्य करा, डीके ४.२ आणि डीएफ ०.०२ दोन्ही सगळ्या फ्रिक्वेन्सीला स्थिर ठेवा आणि इम्पल्स रिस्पॉन्सचा २.०८ नॅनोसेकंदांभोवतीचा भाग मोठा करून पाहा. टोक बरोबर २.०८ला येतं, पण उतार दोन्ही बाजूंना सारखाच. लाट पोहोचण्याच्या चाळीस-पन्नास पिकोसेकंद आधीच व्होल्टेज वर सरकू लागलेलं असतं. असा रिस्पॉन्स निसर्गात नसतो. परिणाम कारणाच्या आधी आलाय, आणि तुमचा बिटच मुळात ९७ पिकोसेकंदांचा असल्याने ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आय उगाचच समतोल आणि देखणा दिसतो. सिम्युलेटरच्या अल्गोरिदमनुसार कधी कधी रिस्पॉन्स फुटूनही जातो, आणि माणूस टाइमस्टेप कमी करत बसतो.

मुळाशी क्रॅमर्स आणि क्रोनिग या भौतिकशास्त्रज्ञांचा नियम आहे: परिणाम कारणाच्या आधी येत नाही, म्हणून लॉस आणि डीके एकमेकांना बांधलेले असतात. डायलेक्ट्रिक लॉस देत असेल तर त्याचा डीके फ्रिक्वेन्सीबरोबर उतरलाच पाहिजे. किती उतरेल हेही ठरलेलं: फ्रिक्वेन्सी दहापट झाली की डीके गुणिले डीएफ गुणिले सुमारे १.४७ एवढा. तुमच्या मटेरिअलला दर दहापटीमागे ०.१२. १ गिगाहर्ट्झला ४.२ असेल तर १ मेगाहर्ट्झला तो ४.५७ च्या आसपास, आणि १० गिगाहर्ट्झला ४.०८. डेटाशीटमधला १ मेगाहर्ट्झचा डीके घेऊन गिगाबिटच्या लाईनचा इम्पिडन्स काढणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. अँटोनिये जोर्जेविच, तपन सरकार आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एफआर-४ साठी मांडलेलं मॉडेल हाच उतार नेमका देतं. बहुतेक टूल्समध्ये ते वाइडबँड डिबाय या नावाने असतं. एका फ्रिक्वेन्सीचा डीके आणि डीएफ द्यायचा, बाकीची वक्ररेषा ते स्वतः काढतं. ते चालू केलं की रिस्पॉन्सची पुढची कड उभी होते आणि शेपटी मागे लांबते. बोर्डवर दिसतं ते हेच.

तांब्याच्या बाबतीत तोच नियम लागतो. करंट पृष्ठभागाकडे सरकतो तेव्हा रेझिस्टन्स वाढतो आणि तांब्याच्या आतला इंडक्टन्स घटतो. म्हणून स्किन इफेक्टच्या पदात वर्गमूळाच्या जोडीला एक अधिक जे (जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ) हवं. पायथॉनमध्ये स्वतः लिहिताना हा जे हमखास राहून जातो. मी माझ्या हाताखालच्या मुलांचा कोड तपासताना सगळ्यात आधी तीच ओळ पाहतो.

एवढं झालं की मॉडेल शुद्ध झालं, पण बोर्डशी अजून जुळणार नाही, कारण आपण तांबं गुळगुळीत धरलंय. काही वर्षांपूर्वीच्या एका बोर्डवर माझा हिशेब ५ गिगाहर्ट्झला इंचामागे ०.७९ डीबी म्हणत होता आणि मोजल्यावर १.० च्या आसपास येत होते. आम्ही आठवडाभर डीएफवर संशय घेतला. शेवटी कूपनचा (पॅनलच्या कडेला चाचणीसाठी ठेवलेल्या पट्टीचा) तुकडा कापून रेझिनमध्ये बसवला, पॉलिश केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. ड्रॉइंगमध्ये आपण ज्याला आयत काढतो तो ट्रेस तिथे समलंब चौकोन होता: खाली ५ मिल, वर जेमतेम ४.४. आणि खालची कड करवतीसारखी. रेझिनला घट्ट धरून राहावं म्हणून तांब्याचं फॉइल मुद्दाम खडबडीत केलेलं असतं, आणि करंट नेमका त्याच दातांतून वाहायला बघतो. स्किन डेप्थ ०.९३ मायक्रॉन आणि दातही मायक्रॉनभर.

हॅमरस्टॅडचं सूत्र घेतलं तर १ मायक्रॉन आरएमएस खडबडीतपणाला ५ गिगाहर्ट्झवर तांब्याचा लॉस १.६५ पट होतो, अर्ध्या मायक्रॉनला १.२४ पट. ०.३२ चे ०.५३ झाले, डायलेक्ट्रिकचे ०.४७ मिळवले की बरोबर १.० भरतो. हे सूत्र दुपटीवर जाऊन थांबतं, त्यामुळे दहा-बारा गिगाहर्ट्झच्या पुढे खडबडीत फॉइलला ते कमी पडतं. तिथे ह्युरेचं मॉडेल वापरा, ज्यात पृष्ठभागावर लहान गोळ्यांचे ढीग कल्पिलेले असतात. तुमच्या लिंकला हॅमरस्टॅड पुरेल.

यातून खरेदीचा एक निर्णयही बदलतो, तो इथेच सांगतो. समजा एफआर-४ सोडून डीएफ ०.००४ चं महाग मटेरिअल घेतलं. डायलेक्ट्रिकचा लॉस ०.४७ वरून ०.०९ च्या आसपास आला. फॉइल तेच खडबडीत ठेवलं तर एकूण ०.६२. फॉइलही गुळगुळीत, अर्ध्या मायक्रॉनचं, मागितलं तर ०.४९. मटेरिअलवर एवढा पैसा घालून फॉइलचा प्रकार फॅब ड्रॉइंगवर (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला द्यायच्या ड्रॉइंगवर) लिहायचाच राहून गेलेले बोर्ड मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ती एका ओळीची नोंद होती.

खरं उत्तर शेवटी मोजमापातूनच मिळतं. एकाच पॅनलवर, एकाच लेयरवर, अगदी सारखे लाँच (कनेक्टरमधून ट्रेसवर उतरायची जागा) असलेले दोन ट्रेस घ्या, एक २ इंचांचा आणि एक ८ इंचांचा. दोन्हींचा इन्सर्शन लॉस व्हीएनएवर (व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर) मोजा आणि डीबीत वजाबाकी करा. कनेक्टर आणि व्हाया (लेयर जोडणारी तांब्याची भोकं) दोन्हीकडे सारखेच असल्याने ते वजा होतात. उरतो तो निव्वळ ६ इंचांच्या लाईनचा लॉस. त्याला ६ ने भागा. आता मला फार आवडणारी पायरी: प्रत्येक फ्रिक्वेन्सीच्या लॉसला त्या फ्रिक्वेन्सीच्या वर्गमूळाने भागा आणि आडव्या अक्षावरही वर्गमूळच घेऊन आलेख काढा. तांब्याचा लॉस वर्गमूळाच्या पटीत, डायलेक्ट्रिकचा थेट पटीत, म्हणून आलेखाची सरळ रेघ येते. उभ्या अक्षाला ती जिथे कापते तो तांब्याचा वाटा, आणि तिचा चढ डायलेक्ट्रिकचा. तुमच्या आकड्यांनी गुळगुळीत तांब्यासाठी ती ०.१४४ वरून निघेल आणि चढ ०.०९४ असेल; ४ गिगाहर्ट्झला, म्हणजे आडव्या अक्षावर २ ला, ती ०.३३ वर असेल. डीएफ कमी-जास्त असला तर रेघ सरळच राहते, फक्त चढ बदलतो. खडबडीतपणा असला तर ती सुरुवातीला वाकून वर जाते. म्हणून फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीवर रेघ बसवली तर खडबडीतपणाचं पाप डीएफच्या माथी बसतं. आम्ही आठवडाभर चाललो ती चुकीची वाट हीच होती.

मोजण्यापूर्वी बोर्ड ओव्हनमध्ये वाळवून घ्या. एफआर-४ ओलावा धरतं आणि त्याने डीएफ वाढतो. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर ठेवलेल्या कूपनचं आणि वाळवलेल्या कूपनचं मोजमाप सारखं येत नाही. तापमानाचंही भान ठेवा. तांब्याची रेझिस्टिव्हिटी अंशामागे ०.३९ टक्के वाढते, म्हणजे २५ वरून ७५ अंशांवर जाताना स्किन इफेक्टचा लॉस साधारण दहा टक्के वाढतो. बंद डब्यात चालणाऱ्या बोर्डचं सिम्युलेशन खोलीच्या तापमानाला करून समाधान मानू नका.

लाईनच्या बाहेरच्या दोन गोष्टी लवकर उरकतो. व्हायाचा न वापरलेला खालचा तुकडा, म्हणजे स्टब, क्वार्टर-वेव्ह रेझोनन्स देतो. ३.८ मिलिमीटरच्या स्टबला सूत्राने ९.६ गिगाहर्ट्झ येतात. पॅड्सच्या कपॅसिटन्समुळे प्रत्यक्षात ती फ्रिक्वेन्सी आणखी खाली, नायक्विस्टच्या दिशेने सरकते. मोजलेल्या आलेखात एकाच जागी खोल खड्डा दिसला तर तो लाईनचा लॉस नव्हे. बॅकड्रिल करा (तो तुकडा मागून ड्रिलने काढा) किंवा ट्रेस खालच्या लेयरवर न्या. दुसरी गोष्ट काचेच्या विणीची. जोडीतला एक ट्रेस काचेच्या धाग्यावरून आणि दुसरा रेझिनवरून गेला तर दोघांचे वेग वेगळे पडतात, आणि त्याने आलेला स्क्यू (पोहोचण्याच्या वेळेतला फरक) डिफरन्शियल लॉससारखाच दिसतो. ट्रेस विणीला दहा अंश तिरके काढले तरी बराच फरक पडतो.

रिसीव्हरमध्ये इक्वलायझर (लाईनने खाल्लेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी भरून काढणारं सर्किट) असेल, आणि या वेगाला तो बहुधा असतोच, तर त्याच्या आधीचा आय मिटलेला असणं हा दोष नाही. त्याच्या पुढचा आय पाहायचा, आणि त्यासाठी चिप बनवणाऱ्याचं आयबीस-एएमआय मॉडेल लागेल. पण त्या मॉडेलला दिलेला चॅनल कॉझल नसेल, म्हणजे त्यात परिणाम कारणाच्या आधी येत असेल, किंवा त्यात खडबडीतपणा नसेल, तर इक्वलायझरचे टॅप, म्हणजे त्याचे गुणक, चुकीच्याच शेपटीवर जुळवले जातात आणि लॅबमध्ये सेटिंग पुन्हा हाताने शोधावं लागतं.

तुमच्या आत्ताच्या पॅनलवर कूपन नसेल, तर याच बोर्डवरच्या दोन वेगळ्या लांबीच्या लाईन्स शोधा ज्यांचा लेयर, रुंदी आणि टोकाचे कनेक्टर सारखे आहेत, आणि वजाबाकी त्यांच्यावर करा. थोडी गोंगाटाची रेघ येईल, पण चढ कळेल. पुढच्या वेळी २ आणि ८ इंचांचे दोन ट्रेस पॅनलच्या कडेला घाला. फॅब ड्रॉइंगवर फॉइलचा प्रकार, काचेची स्टाइल आणि रेझिनचं प्रमाण लिहून द्या, आणि बोर्डबरोबर कूपनही परत पाठवायला सांगा. नाहीतर ती पट्टी कापून फॅबमध्येच टाकून दिली जाते.